‘आमच्या घरात’ म्हणजे कुणाच्या? दोन भाषांच्या संसारातलं बोलणं

माझी वहिनी धारवाडची. घरात कन्नड, शिक्षण कन्नड आणि इंग्रजीत. दादाची नि तिची ओळख बेंगळुरूला एकाच ऑफिसात झाली, त्यामुळे दोघांचं जमलं ते इंग्रजीत आणि तोडक्यामोडक्या हिंदीत. लग्नानंतर वर्षभरानं दोघं कोल्हापुरात राहायला आली. वहिनीनं मराठी मनावर घेतलं आणि सहा महिन्यांत ती मंडईत भाव करण्याइतकी तयार झाली.

एकदा शेजारच्या काकू आल्या होत्या. त्या उठायला लागल्या तशी वहिनी म्हणाली, “काकू, थांबा. आमच्या घरात पाहुण्याला चहा दिल्याशिवाय सोडत नाहीत.” काकू हसून परत बसल्या. आई मात्र गप्प झाली. रात्री भांडी पुसता पुसता मला म्हणाली, “सहा महिनं झालं, हिचं घर अजून धारवाडातच हाय. ‘आमच्या घरात’ म्हणत्या. म्हणजे आमी पाहुण्याला तसंच घालवतोय व्हय?”

वहिनी बोलत होती ती आमच्याच घराबद्दल, शिवाजी पेठेतल्या. अभिमानानं बोलत होती. तिनं मनातल्या मनात कन्नडमधलं ‘नम्म मनी’, म्हणजे ‘आपलं घर’, मराठीत आणलं होतं आणि ते आणताना दोन शब्दांपैकी चुकीचा हाताला लागला होता.

मी शाळेत भाषा शिकवते, म्हणून हे माझ्या लगेच लक्षात आलं. मराठीत समोरच्याला धरून बोलायचं तर ‘आपण’ आणि समोरच्याला वगळून बोलायचं तर ‘आम्ही’. ‘आपण जेवूया’ म्हटलं की तुम्ही पानावर बसता, ‘आम्ही जेवतो’ म्हटलं की तुम्ही घरी जाता. वहिनीनं ऐकत असलेल्या आईला धरून ‘आपल्या घरात’ म्हणायला हवं होतं. हा फरक आपल्या इतका अंगवळणी पडलाय की तो फरक आहे हेच आपल्याला कळत नाही. द्राविड भाषांच्या शेजारामुळे तो मराठीत आला असं अनेक भाषाशास्त्रज्ञ मानतात. तेलुगूत तो आजही आहे, ‘मनं’ आणि ‘मेमु’. गुजरातीत ‘आपणे’ आणि ‘अमे’ आहे, मारवाडीत ‘आपां’ आणि ‘म्हे’. पण आजच्या बोलीतल्या कन्नडमध्ये दोन्हीला एकच ‘नावु’, आणि ‘आमचं’ काय, ‘आपलं’ काय, दोन्ही ‘नम्म’. पुस्तकी हिंदीतही एकटा ‘हम’ दोन्ही कामं करतो. म्हणजे गुजरीतल्या, आमच्या सराफ बाजारातल्या, मारवाडी घरातून आलेल्या सुनेला जे आयतं मिळालेलं असतं, ते धारवाडच्या किंवा लखनौच्या सुनेला नव्यानं शिकावं लागतं. आणि ते तिला कुणी शिकवत नाही, कारण ऐकणाऱ्याला ती भाषेची चूक वाटतच नाही. त्याला ते तिचं मन वाटतं.

दोन वेगळ्या भाषांतली, प्रांतांतली, समाजांतली माणसं लग्न करतात तेव्हा घरात बोलणं कसं चालतं, कुठं अडतं, हे सांगायला मी हा प्रसंग आधी घेतला. भाषा येत नसेल तर माणसं सांभाळून घेतात. हातवारे करतात, हसतात, पुन्हा विचारतात. खरी अडचण सुरू होते ती भाषा बऱ्यापैकी यायला लागल्यावर. तोवर ‘तिला काय कळतंय’ म्हणून सोडून दिलेलं असतं. आता प्रत्येक शब्दाचा हिशेब लागतो.

उंबऱ्याबाहेरची भाषा, उंबऱ्याआतली भाषा

आपल्या भागाला अनेक भाषा नव्या नाहीत. निपाणी, संकेश्वर, चिकोडीकडं माणसं सकाळपासून रात्रीपर्यंत दोन भाषांत जगतात. शिरोळ, हातकणंगलेच्या कितीतरी जैन आणि लिंगायत घरांत आजही कन्नड ऐकू येतं. इचलकरंजीत मागांच्या मागोमाग तेलुगू आली, मारवाडी आली, आता हिंदीच्या अनेक बोली आल्यात. फाळणीनंतर सिंधी कुटुंबं वळिवड्याला आली आणि गांधीनगरची कापडपेठ उभी राहिली. त्याच वळिवड्यात त्याआधी, १९४३ ते १९४८ या काळात, युद्धामुळे देशोधडीला लागलेल्या सुमारे ५,००० पोलिश माणसांची छावणी होती. महावीर उद्यानात त्यांच्या आठवणीचा स्तंभ आहे. त्या छावणीतल्या एका मुलीनं कोल्हापूरच्या मुलाशी लग्न केलं आणि ती इथंच राहिली, नऊवारी नेसून, मराठी बोलून. बाकीचे सगळे निघून गेल्यावर ती आपली भाषा कुणाशी बोलत असेल, हा विचार त्या स्तंभाशेजारून जाताना माझ्या मनात नेहमी येतो.

मग इतक्या भाषा शेजारी शेजारी असताना घरात इतकी अडचण का व्हावी? याचं उत्तर मला कुपवाडमध्ये सापडलं. सांगली-मिरजेला लागून असलेलं हे कुपवाड जगभरच्या भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यांना माहीत आहे, आपल्याला नाही. जॉन गंपर्झ आणि रॉबर्ट विल्सन या दोन अभ्यासकांनी तिथल्या बोलण्यावर १९७१ साली एक लेख प्रसिद्ध केला. गावात जैनांच्या घरी कन्नड, मुसलमानांच्या घरी उर्दू, दलितांच्या घरी मराठी, थोडी तेलुगू घरंही होती. शतकानुशतकं शेजारी राहून या भाषांचं व्याकरण इतकं एकसारखं झालं होतं की एका भाषेतलं वाक्य दुसरीत न्यायला फक्त शब्द बदलावे लागत. मराठीत ‘पाला जरा कापून घेऊन आलो’. तिथल्या उर्दूत ‘पाला जरा काट के ले के आया’. कन्नडमध्येही तेच, त्याच क्रमानं, शब्द तेवढे कन्नड.

इतकं सगळं एक झालं, तर भाषा वेगळ्या उरल्या कशाला? अभ्यासकांचं म्हणणं असं, की घरची भाषा ही आपल्या माणसांची खूण होती. गावात, शेतात, बाजारात एकमेकांशी बोलायला मराठी चालायची, पण घरात घरचीच. मला याच्या पुढचं दिसतं. सून त्याच समाजातून, म्हणून त्याच भाषेतून यायची. उंबऱ्याच्या आत दुसरी भाषा येण्याचं कारणच नव्हतं. भाषांची सरहद्द घराच्या दारात होती आणि ती ओलांडायची सगळी रीत आपल्या वाडवडलांनी दाराबाहेर शिकून घेतली होती. दारात, पारावर, दुकानात कसं बोलावं हे आपल्याला चांगलं जमतं. दोन भाषांची माणसं एका चुलीपाशी आली तर काय करायचं, याची रीत मात्र आपल्याकडं तयार नाही. ती प्रत्येक घर नव्यानं पाडतंय, आणि तिचा बहुतेक भार एकाच माणसावर पडतोय.

आवाज चढला म्हणजे रागावली?

कोल्हापूरचं बोलणं मोठ्यानं असतं आणि वाक्याच्या शेवटी आवाज खाली आपटतो. आम्हाला त्यात माया ऐकू येते. आई वहिनीला म्हणायची, “खुळे, तसं न्हवं ते. हिकडं आण.” ‘खुळी’ हा इथं लाडाचा शब्द. लेकीला, सुनेला, मैत्रिणीला, कुणालाही. वहिनीनं तो शब्द दादाला विचारला, दादानं घाईत ‘वेडी’ सांगितलं, आणि वहिनी दोन दिवस जेवणाच्या टेबलावर एक शब्द बोलली नाही.

गंपर्झ यांनीच नोंदवलेला आणखी एक प्रसंग आहे. इंग्लंडमधल्या एका विमानतळावरच्या खानावळीत भारत-पाकिस्तानातल्या बायका वाढायला होत्या. जेवणावर रस्सा हवा का, हे विचारायला इंग्रज बाई ‘ग्रेव्ही?’ म्हणताना आवाज वर नेते. या बायका आपल्या सवयीनं आवाज खाली आणत ‘ग्रेव्ही’ म्हणायच्या. इंग्रजांच्या कानाला ते ‘ही घ्या ग्रेव्ही, घ्यायची तर घ्या’ असं वाटायचं आणि या बायका उद्धट आहेत अशी तक्रार व्हायची. बायकांना कळेना की आपल्यावर सगळे चिडतात का. दोघांचं बोलणं ध्वनिमुद्रित करून शेजारी शेजारी ऐकवलं, तेव्हा दोन्ही बाजूंना उलगडा झाला.

शब्दांची चूक झाली तर माणूस म्हणतो, ‘हिला भाषा येत नाही’. आवाजाच्या चढउताराची चूक झाली तर म्हणतो, ‘हिचा स्वभाव असा आहे’. म्हणून नव्या सुनेला किंवा जावयाला शब्द शिकवण्याआधी सूर समजावून सांगावा असं मला वाटतं. ‘आई ओरडत नाहीये, ती अशीच बोलते, बघ, माझ्याशीही तशीच बोलते’ एवढं वाक्य दादानं पहिल्या आठवड्यात म्हटलं असतं तर ते दोन दिवस वाचले असते.

अशीच एक गोष्ट आडून बोलण्याची. डेबोरा टॅनन या भाषाशास्त्रज्ञ बाईंनी १९८१ साली ग्रीक आणि अमेरिकन माणसांना एका नवरा-बायकोचा संवाद दाखवला. बायको विचारते, अमक्याकडं पार्टी आहे, जायचं का? नवरा म्हणतो, ठीक आहे. थोड्या वेळानं ती विचारते, नक्की जायचंय ना? तो म्हणतो, बरं, नको जाऊया, मी दमलोय. आता नवरा खरंच दमला होता, की बायकोला जायचं नाही असं समजून त्यानं निमित्त काढलं? ग्रीक माणसांचा कल ‘तिच्या मनातलं ओळखून तो बोलला’ असं वाचण्याकडं जास्त होता. अमेरिकन माणसं शब्दाला शब्द घेऊन चालली.

आमच्या घरात हे उलटसुलट रोज घडतं. आई आडून बोलणाऱ्यातली. ‘आज पाठ लई धरल्या’ म्हणजे ‘भाकऱ्या तू कर’. वहिनी सरळ बोलणाऱ्यातली, ती म्हणते, ‘मग झोपा जरा’. आणि आई झोपत नाही, भाकऱ्या थापते, कण्हत. यात धारवाड-कोल्हापूर किती आणि पिढी किती, हे मला वेगळं काढता येत नाही. माझंही आईशी असंच होतं. पण मी लेक आहे, मला दोन शब्द बोलून मोकळं होता येतं. सुनेला तसं करता येत नाही.

आप, तू, अहो, री

संबोधनांवर तर वेगळं पुस्तक होईल. आपण आईला ‘तू’ म्हणतो. उत्तरेकडच्या कितीतरी घरांत आईला ‘आप’ म्हणतात, आणि तिथून आलेल्या सुनेला नवऱ्यानं आईला ‘अगं, तू गप्प बस’ म्हटलेलं ऐकून धक्का बसतो. याउलट तिनं पाच वर्षांच्या पुतण्याला ‘आप खा लीजिए’ म्हटलं की आपल्याला ते परकं वाटतं. तिच्या दृष्टीनं ती फक्त चांगलं वळण दाखवत असते.

सासऱ्याला ‘मामंजी’ आणि सासूला ‘आत्याबाई’ म्हणायची आपली जुनी पद्धत. आजही आपल्या भागात कितीतरी सुना मामा आणि आत्तीच म्हणतात. त्यामागं मामाच्या किंवा आत्याच्या घरात मुलगी देण्याची चाल आहे. कन्नड मुलुखातही तीच चाल, म्हणून तिथंही सासू म्हणजे ‘अत्ती’. वहिनी पहिल्या दिवशी आईला ‘अत्ती’ म्हणाली आणि आईला वाटलं, पोरगी शिकून आली. एक शब्द फुकट मिळाला. पण उत्तरेकडच्या बहुतेक हिंदू समाजांत मामे-आते भावंडांत लग्न चालतच नाही. तिथल्या मुलीला सासऱ्याला ‘मामा’ म्हणायला सांगितलं तर तिच्या अंगावर काटा येतो. ते तिच्या तोंडी येत नाही याचा अर्थ ती मान देत नाही असा होत नाही.

वहिनी दादाला हाक मारते ती ‘रीऽ’. कन्नडमधलं हे आपलं ‘अहो’. आमच्या गल्लीतली पोरं बरेच दिवस त्याची नक्कल करायची.

निरोप घेताना ‘जाते’ म्हणू नये, ‘येते’ म्हणावं, हे वहिनीला सांगावं लागलं नाही, कारण कन्नडमध्येही जाताना ‘येतो’च म्हणतात. माझ्या ओळखीची एक भोपाळची मुलगी मात्र दर वेळी दारात ‘मी जाते’ म्हणायची आणि तिच्या सासूच्या काळजात चर्र व्हायचं. आणखी एक गंमत म्हणजे इथल्या बायका ‘मी आलो’, ‘मी जातो’ असं पुरुषी बोलतात. मी लिहिताना ‘आले’ लिहिते, घरात ‘आलो’च म्हणते. कन्नडमध्ये ‘मी’च्या क्रियापदाला बाई-पुरुष भेद नसतो, त्यामुळे वहिनीला ते चटकन जमलं. पुण्याहून आलेल्या एका सुनेला, जिची मातृभाषा मराठीच, ते अजून जमलेलं नाही.

रडायची भाषा वेगळी असते

आता जो भाग सांगते, तो माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि ज्याचा घरात सगळ्यात कमी विचार होतो.

माणूस दोन भाषा सारख्याच सफाईनं बोलत असला तरी दोन्ही भाषा काळजाला सारख्या लागत नाहीत. २००३ साली कॅथरीन हॅरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तुर्की मातृभाषा असलेल्या, नंतर इंग्रजी शिकलेल्या माणसांवर एक प्रयोग केला. त्यांना दोन्ही भाषांतले वेगवेगळे शब्द ऐकवले, दाखवले आणि बोटांच्या त्वचेवर होणारा बदल यंत्रानं मोजला. भावना उचंबळली की हाताला बारीकसा घाम येतो, तो या यंत्राला कळतो. शिव्यांना तर मातृभाषेत जास्त प्रतिसाद मिळालाच, पण लहानपणी आई-वडील रागावताना वापरतात ती वाक्यं, ‘लाज नाही वाटत?’ यासारखी, तुर्कीत ऐकल्यावर माणसं आतून हलली. तीच इंग्रजीत ऐकताना तेवढी हलली नाहीत.

याचे संसारात दोन परिणाम होतात. पहिला असा, की परक्या भाषेत बोलणारा माणूस आपला शब्द किती टोचतोय हे ओळखत नाही. वहिनी एकदा दादाला मराठीत एक शब्द बोलली, गल्लीत ऐकलेला, तिला तो नुसता ‘वेंधळा’सारखा वाटला होता. तो शब्द मी इथं लिहू शकत नाही. दादाचा चेहरा पडला. ती खरोखर गोंधळली.

दुसरा परिणाम जास्त खोल. जिला रोज शिकलेल्या भाषेत जगावं लागतं, तिला रागवायला, रडायला, लाड करायला आपली भाषा उरत नाही. भांडणात ती कायम मागं पडते. व्याकरण आठवत भांडता येत नाही. मग ती गप्प बसते आणि घर म्हणतं, ‘शांत आहे हो सून’. वहिनीच्या बाळंतपणाच्या वेळी कळा सुरू झाल्यावर तिचं मराठी गेलं, इंग्रजीही गेलं. ती फक्त ‘अव्वा, अव्वा’ म्हणत होती आणि पुढचं भराभर कन्नडमध्ये. आई तिच्या उशाशी होती. आईला एक अक्षर कळत नव्हतं. ती प्रत्येक वाक्याला ‘व्हय बाळा, व्हय’ म्हणत राहिली. डॉक्टर काय विचारतायत ते वहिनीला कळेना, वहिनी काय सांगतेय ते डॉक्टरांना कळेना. दादा बाहेर व्हरांड्यात होता. त्यालाही त्यातलं फारसं कळलं नसतं, कारण तीन वर्षांच्या संसारात त्यानं बायकोच्या भाषेतले जेमतेम वीस शब्द शिकले होते. मला त्या दिवशी त्याचा राग आला आणि मी तो बोलून दाखवला.

जोडपी ज्या भाषेत एकमेकांना भेटतात ती भाषा सहसा सोडत नाहीत. इंग्रिड पिलर यांनी इंग्रजी-जर्मन जोडप्यांच्या बोलण्याचा जो अभ्यास केला, त्यातही सवयीचा हा जोर दिसतो. भाषा बदलली की समोरचा माणूसच बदलल्यासारखा वाटतो. दादा-वहिनीचं एकमेकांतलं इंग्रजी असंच चालू राहिलं. दोघांच्या खोलीत ते ठीक आहे. पण स्वयंपाकघरात आईसमोर दोघं इंग्रजीत बोलायला लागली की आईच आपल्या घरात पाहुणी होऊन बसायची. इंग्रजी कुणाचीच नाही म्हणून ती सगळ्यांना सारखी, हे दोघांपुरतं खरं असेल. चार माणसांच्या घरात ती तिसऱ्या-चौथ्याला बाहेर काढते. वहिनीच्या फोनचंही तसंच. ती माहेरी कन्नडमध्ये तासभर बोलायची आणि आईला वाटायचं, माझंच चाललंय. फोन ठेवल्यावर वहिनी एक वाक्य सांगायला लागली, ‘अव्वाचा गुडघा परत दुखतोय’, ‘तिकडं पाऊस नाही अजून’, आणि तो संशय गेला. आपल्या बोलण्याचा हिशेब द्यायला ती बांधील नव्हती. तिनं ते आपणहून केलं, आणि मला वाटतं आम्ही तिच्याकडून जरा जास्तच घेतलं.

मूल कुणाच्या भाषेत बोलणार?

‘दोन भाषांनी मूल गोंधळतं, उशिरा बोलतं’ ही भीती आपल्याकडं डॉक्टरांच्या वेटिंग रूमपासून लग्नाच्या मांडवापर्यंत ऐकू येते. त्यात तथ्य नाही. दोन भाषा ऐकणारी मुलं त्या व्यवस्थित वेगळ्या करतात. एका वाक्यात दोन्ही मिसळतात तीही ज्याच्याशी बोलायचं त्याला बघून.

फ्रान्समध्ये जूल रोंजा या अभ्यासकानं आपल्या मुलावर, लुईवर, १९१३ साली पुस्तक लिहिलं. बाप फ्रेंच, आई जर्मन. मोरिस ग्रामों या भाषाशास्त्रज्ञानं त्यांना सल्ला दिला होता, एका माणसानं एकच भाषा बोलायची. बापानं कायम फ्रेंच, आईनं कायम जर्मन. मुलगा दोन्हीत तरबेज झाला. तेव्हापासून ही पद्धत जगभर सांगितली जाते. पण प्रत्येक घरात ती चालतेच असं नाही. ॲनिक द हाउवर यांनी बेल्जियममधल्या १,८९९ कुटुंबांची माहिती घेतली. घराबाहेर डच, आणि घरात आई-बापांपैकी निदान एक जण दुसरी कुठली तरी भाषा बोलणारा. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात सुमारे पाव घरांत मुलं ती दुसरी भाषा बोलतच नव्हती. ज्या घरांत दोन्ही पालक ती भाषा बोलायचे तिथं ती टिकण्याचं प्रमाण कितीतरी जास्त होतं.

कोल्हापुरात शाळा, गल्ली, मित्र, टीव्ही सगळं मराठीच्या बाजूला. कन्नडच्या किंवा सिंधीच्या बाजूला एकटी आई. ती बोलते ते बापाला कळत नसेल तर जेवायला बसल्यावर कुणीतरी म्हणणारच, ‘आम्हाला कळंल असं बोला की’. मूल हुशार असतं. कुठल्या भाषेला घरात जागा आहे हे त्याला ताबडतोब कळतं. आमच्या भाच्यानं तीन वर्षांचा असताना वहिनीला कन्नडमध्ये उत्तरं द्यायचं बंद केलं. ती कन्नडमध्ये विचारायची, तो मराठीत सांगायचा. दादा मग खरंच शिकायला बसला. लिहायला नाही, ऐकून बोलायला. उन्हाळ्याच्या सुट्टीत महिनाभर धारवाड. आता जेवताना दोन्ही भाषा चालतात आणि दादाच्या कन्नडला पोरगा हसतो, पण उत्तर देतो.

‘तुमच्यात कसं असतं?’

सगळंच भाषेवर ढकललं तर मी खोटं बोलल्यासारखं होईल. मराठी-मराठी घरातली आंतरजातीय लग्नं बघा. दोघांची भाषा एक, बोली एक, गाव एक. तरी ‘तुमच्यात दिवसकार्य कसं करतात?’, ‘आमच्यात असलं चालत नाही’ ही वाक्यं चालूच. या ‘आमच्यात’चा अर्थ जात, हे दोघांनाही माहीत असतं आणि कुणी उच्चारत नाही. शाहू महाराजांनी आपल्या संस्थानात शंभर वर्षांपूर्वी आंतरजातीय विवाहाला कायद्याचा आधार दिला, मराठा-धनगर सोयरिकी व्हाव्यात म्हणून स्वतः पुढाकार घेतला. १९५४ साली देशाला विशेष विवाह कायदा मिळाला. कायद्यानं मंडपाचं दार उघडतं. ताट कुठं वाढायचं, सुनेच्या आईनं स्वयंपाकघरात यायचं का, तांबडा-पांढरा रस्सा शिजवायची भांडी वेगळी ठेवायची का, यात कायदा येत नाही. शाकाहारी जैन किंवा लिंगायत घरातली मुलगी मटणाच्या घरात येते तेव्हा वेगळी भांडी ठेवणं ही तिची सोय असू शकते. दलित सुनेसाठी वेगळं भांडं ठेवणं हा अपमान आहे. बोलणं दोन्हीकडं सारखंच गोड असू शकतं, ‘तुझ्यासाठीच वेगळं ठेवलंय’. तिथं दुभाषा उपयोगाचा नाही. तिथं घरातल्या माणसानं उठून ते भांडं बदलावं लागतं.

आणि तो घरातला माणूस म्हणजे ज्याचं ते घर आहे तो. सून आली असेल तर मुलगा, जावई राहायला आला असेल तर मुलगी. आपल्याकडं उलट चालतं. नव्यानं आलेल्यानं भाषा शिकायची, सूर शिकायचा, रुसवे ओळखायचे, सण पाठ करायचे, आणि जो तिथंच जन्मला तो दोघींच्या मधे पेपर वाचत बसतो, ‘तुमचं तुम्ही बघा’ म्हणत. ‘खुळी’ म्हणजे काय, पाठ धरली म्हणजे काय, ‘नम्म मनी’चं मराठी काय, हे सगळं सांगायला सर्वांत सोपं त्याला. आईचं बायकोला सांगायचं आणि बायकोचं आईलाही. दुसरी बाजू नेमकी विसरली जाते. आईला कुणीच सांगितलं नव्हतं की कन्नडमध्ये ‘आपण’ आणि ‘आम्ही’ला एकच शब्द आहे. मी सांगितलं तेव्हा ती जरा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, “आगं मग आदी सांगायचं न्हाई व्हय.”

गेल्या दसऱ्याला वहिनीची आई आली होती आठ दिवस. तिला मराठी येत नाही, आईला कन्नड येत नाही. दुपारी मी घरात शिरले तर दोघी मागच्या पडवीत मेथी निवडत बसलेल्या, एकीचं मराठी, एकीचं कन्नड, मधे कुणी नाही. वहिनीची आई परसात जाऊन आली, हातात कढीपत्ता होता, आणि काहीतरी म्हणाली. आईनं न बघता ताट पुढं सरकवलं.

“काय म्हणाल्या त्या?” मी विचारलं.

“पाला जरा तोडून घेऊन आलो म्हणत्यात,” आई म्हणाली.